नत्र, स्फुरद आणि समुद्र

शिरूरला समुद्र नाही. हे वाक्य कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण आमच्या घरात त्यावरून बराच वाद झालेला आहे. नदी आहे, तीही घोडनदी. गावाचं जुनं नावही तेच, आणि बाजाराला येणारी म्हातारी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दीडशे किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. तो ढगांनासुद्धा धड इकडे येऊ देत नाही, समुद्राला काय येऊ देणार! तरी मागच्या दिवाळीत मी बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी, २०० लिटर समुद्र भरला.

पंचेचाळिशीत माणसाला काहीतरी होतं. कुणी बुलेट घेतो, कुणी पहाटे पळायला लागतो, कुणी निवडणुकीला उभा राहतो. मला मासे झाले. गोड्या पाण्यातले गोल्डफिश कुठल्याही दंतवैद्याकडे असतात. मला हवे होते ते खडकांच्या कपारीत राहणारे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले. रीफ टँक म्हणतात त्याला. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा अलिबागला जाऊन येऊ. दोन दिवसांत होतं, आणि येताना धुवायला काही उरत नाही." या बाईला पुढचं दिसतं, असा मला जुना संशय आहे.

समुद्र बादलीत मिळतो, हे मला तेव्हा कळलं. पुण्याच्या दुकानदाराने मिठाची एक बादली दिली आणि हिशेब सांगितला: लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला सात किलो. शिवाय दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचं, त्याचे ७०० ग्रॅम वेगळे. हे आमटीतलं मीठ नव्हे. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही मोजून घातलेलं असतं. किलोला काय भाव पडला, असं बायकोने विचारलं तेव्हा मी हवामानाबद्दल बोलू लागलो.

माझी सासुरवाडी दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला, पारगावच्या बाजूची. न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्याला लागलं की तासाभरात ऊस लागतो, आणि पुढे गुऱ्हाळांचा धूर आणि हवेत शिजत्या रसाचा वास. इतक्या गोड मुलखातून माझे सासरे, म्हणजे मामा, टाकी बघायला आले. धोतर सावरून समोर बसले. बराच वेळ बघितलं.

"पाणी खारं हाय?"

"हो, मामा."

"मुद्दाम केलं?"

"हो."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझं खालचं दीड एकर क्षारपड झालंय. उसाला पाणी जास्ती झालं, खालचं मीठ वर आलं. चर काढलं, जिप्सम टाकलं, धैंचा गाडला. बारा वर्सं मीठ घालवतोय. आन जावई इकडं इकत आणून घालतोय."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पहिले दोन आठवडे टाकी इतकी देखणी होती, की मी उगाच माणसं चहाला बोलावत होतो. पांढरी वाळू, पांढरे सच्छिद्र खडक, निळसर दिवा. प्रवाळ कुठे आहे, असं एकाने विचारलं. त्याला सांगितलं की आपल्याकडे खडक रचणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. घरात वाघ पाळत नाहीत, तसंच हे. खडक कोरडे आणलेले, मासे हॅचरीत जन्मलेले. पाहुणा म्हणाला, "म्हणजे समुद्र डुप्लिकेट." पुढचा चहा त्याला बिनसाखरेचा गेला.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर कुणीतरी तपकीर सांडल्यासारखं दिसलं. मी हाताने पाणी ढवळलं, गेलं. सकाळी परत. दुपारपर्यंत खडकांवरही तपकिरीचा थर. पुण्याला फोन केला तर तिकडून आनंदाने उत्तर आलं, "डायटम आले? अरे वा, टाकी चालू झाली!" नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू बसायला चारसहा आठवडे लागतात, आणि तोवर जो येईल तो हातपाय पसरतो. या अवस्थेला त्या लोकांत 'कुरूप अवस्था' असंच नाव आहे. कौतुक एवढंच की ती येणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि विकताना कुणी सांगत नाही.

डायटमना आपल्या अंगावरचं कवच करायला सिलिका लागते. ती कुठून आली याचा शोध घेतला आणि मी थक्क झालो. आपला दख्खनचा काळा दगड, बेसाल्ट, जवळजवळ निम्मा सिलिकाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, त्यातून पाणी झिरपलं, ते आमच्या बोअरला लागलं, आणि माझ्या आरओ यंत्राच्या पडद्यातून थोडी सिलिका निसटून टाकीत आली. तक्रार करायची तर कुणाकडे? पुढे रेझिनचं नळकांडं बसवलं आणि टीडीएस शून्यावर आणला. एक बादली शुद्ध पाण्यासाठी तीन बादल्या मोरीत जातात, म्हणून त्या तीन बादल्यांत आता आमच्या घरची फरशी पुसली जाते, भांडी निघतात, स्कूटर धुतली जाते. स्कूटर कधी नव्हे इतकी चकाकते. टाकी सोडून घरातलं सगळंच चकाकतं.

डायटम गेले आणि लाल साय आली. हिला साय म्हणायचं कारण ती तशीच धरते: एकसंध, मऊ, खाली बुडबुडे अडकलेले, कडेला उचलली की सगळी उलगडत येते. दुधावर धरली असती तर विरजण लावलं असतं. हे शेवाळसुद्धा नव्हे, सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीवरच्या हवेत प्राणवायू भरला तो यांच्या पूर्वजांनी, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. एवढ्या थोर खानदानाला मी रबरी नळीने ओढून बादलीत टाकत होतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. खानदानी माणसं अपमान मनावर घेत नाहीत.

त्याच दिवसांत बदललेलं खारं पाणी कुणीतरी, म्हणजे मीच, अंधारात कुंडीत ओतलं. कढीपत्ता आठ दिवसांत वाळून काडी झाला. फोनवर मामांना ही बातमी परस्पर पोचली होती. "आता कळलं का, क्षारपड म्हंजी काय?" एवढंच विचारून त्यांनी फोन ठेवला.

मग हिरवं आलं.

त्याला 'केसाळ शेवाळ' म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने अजिबात अतिशयोक्ती केलेली नाही. आधी खडकावर हिरवी लव. मग लव वाढून मक्याच्या कणसाच्या केसांएवढी. मग एके दिवशी खडक दिसेना, नुसते केस, पंपाच्या प्रवाहात एका बाजूला भांग पाडल्यासारखे डुलताहेत, आणि त्यांतून दोन नारिंगी मासे डोकी बाहेर काढून बघताहेत, जणू शॅम्पूची जाहिरात. मी जुना टूथब्रश घेतला, केसांत घातला आणि काट्याने शेवया गुंडाळतात तसा फिरवला. एक लडी निघाली. हाताला गार, बुळबुळीत, वास थेट समुद्राचा. मला क्षणभर बरं वाटलं: वास तरी डुप्लिकेट नव्हता. एक खडक साफ करायला पाऊण तास लागला. असे अकरा खडक. अकरावा संपेपर्यंत पहिल्यावर पुन्हा लव.

सल्ले तर न मागता आले. शेजारी म्हणाले, तुरटी फिरवा. वरच्या मजल्यावरून ब्लीचिंग पावडर सुचली. मेहुणा डाळिंबवाला, तो म्हणाला, "दाजी, मोरचूद. शेततळ्यात चिमूटभर टाकला की शेवाळ खलास." शेवाळ खलास होतं हे खरं. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि खाऱ्या टाकीत तांब्याने शेवाळाआधी गोगलगायी आणि खेकडे खलास होतात. शेवाळ खायला म्हणून मी पुण्याहून सहा समुद्री गोगलगायी आणल्या होत्या. त्या रात्रभर काचेवरून फिरत आणि सकाळी मागे आपल्या तोंडाच्या मापाची नागमोडी स्वच्छ वाट ठेवत, शेतातून पाऊलवाट जावी तशी. काम मन लावून, पण सहा मजूर आणि शिवार केवढं!

मेहुण्याने मग दुसरी तोड काढली: भिगवणहून चार चिलापी आणू, शेवाळ चरतील. मी हसलो, म्हटलं, गोड्या पाण्यातला मासा खाऱ्यात मरेल. नंतर वाचलं तर चिलापी खाऱ्या पाण्यातही खुशाल जगते. १९५२ मध्ये आफ्रिकेतली ही मासळी भारतात आणली, तेव्हापासून जिथे पाणी तिथे तिचा संसार. उजनीत तिने काय केलं ते भिगवणच्या बाजारात टोपल्या बघून कळतं. माझ्या टाकीत तिने पहिल्या आठवड्यात शेवाळ संपवलं असतं, दुसऱ्यात गोगलगायी, आणि तिसऱ्यात सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतला असता.

मामा दुसऱ्यांदा आले ते माझ्या काचेच्या नळ्या बघायला. मी पाणी तपासत होतो. नळीत थेंब टाकायचे, हलवायची, रंगाचा तक्ता शेजारी धरायचा. नायट्रेटची नळी गुलाबी, फॉस्फेटची निळी, दोन्ही गडद. मामांनी चष्मा लावला.

"हे काय?"

"नायट्रेट."

"म्हंजी नत्र. आन हे?"

"फॉस्फेट."

"स्फुरद." त्यांनी नळ्या परत जागेवर ठेवल्या. "मग घोळ कशाचा? नत्र हाय, स्फुरद हाय, पाणी उभं हाय. दिवा किती तास?"

"बारा."

"खायला काय देता त्यास्नी?"

हा प्रश्न अवघड होता, कारण सकाळी मी, दुपारी मुलगी आणि संध्याकाळी बायको, असे तिघेही दोन माशांना स्वतंत्रपणे जेवायला घालत होतो. आपापल्या माणुसकीचा भाग म्हणून. मासे खाऊन उरलेलं खाली पडायचं, कुजायचं.

"म्हंजी खताचा हप्ता दिवसातून तीनदा," मामा म्हणाले. "आमी उसाला वर्सातनं चारदा देतो. तुमी पीक घेताय, जावई. शेवाळ न्हाई येणार तर काय कांदा येणार?"

कपाटावर आवाज करत चाललेलं प्रोटीन स्किमर त्यांनी मग बघितलं. त्यात बारीक हवेने पाणी फेसाळतं, आणि फेसाबरोबर माशांचा मळ वर चढून पेल्यात जमतो: काळपट, घट्ट, वास विचारू नका. मला हे यंत्र समजून घ्यायला दोन रविवार गेले होते. मामांनी झाकण उघडून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "ही तर मळी!" गुऱ्हाळात कढईत रस तापला की भेंडीचं पाणी टाकतात, मळ फेसाबरोबर वर येतो आणि गुळव्या झाऱ्याने तो काढत राहतो. मळी निघाली नाही तर गूळ काळा पडतो. "तुमचा गुळव्या बारीक हाय," मामा म्हणाले, "पर कामाचा हाय."

निघताना त्यांनी कमरेची चंची सोडली, तंबाखू काढली, चुन्याची डबी उघडली, आणि बोटावर चुना घेताघेता म्हणाले, "चुन्याची निवळी टाकून बघा की. रसात बी टाकतो आमी."

मी नम्रपणे मान हलवली आणि मनात हसलो. आज ते हसणं परत घ्यायची सोय असती तर घेतली असती. जगभरचे रीफवाले ज्या गोष्टीला 'काल्कवासर' या भारदस्त जर्मन नावाने पूजतात, तिचा अर्थ चुन्याचं पाणी. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात घोळायचं, गाळ बसू द्यायचा, वरची नितळ निवळी थेंबथेंब सोडायची. कॅल्शियम वाढतं, पाण्याचा आम्लपणा कमी होतो, थोडं स्फुरदसुद्धा खाली बसतं. फरक एवढाच, की पानाच्या टपरीवरचा चुना चालत नाही, शुद्ध लागतो, आणि हात सुटला तर मासे जातात. दुकानदाराने मला तो छोट्या डब्यात दिला. डब्यावरचं नाव जर्मन, किंमतही तिकडचीच.

दिवा बारावरून सहा तासांवर आणला. माशांचं जेवण दिवसातून एकदा, तेही डबीवर चिठ्ठी लावून: 'आज दिलं आहे. सही.' उन्हाळा आला. शिरूरचा उन्हाळा म्हणजे दुपारी ४० अंश, आणि माशांना लागतात २६. एसी परवडेना म्हणून टाकीवर टेबलफॅन लावला. त्याने पाणी गार राहतं, पण दिवसाला तीनचार लिटर उडून जातं, आणि मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची. घाम पुसत बसलेली बायको त्या पंख्याकडे बघायची, मी दुसरीकडे.

याच उन्हाळ्यात एकदा मामांना सोडायला गेलो. पारगावच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली भीमा असायला हवी होती. होता तो हिरवागार गालिचा, काठापासून काठापर्यंत, मध्ये जांभळी फुलं, आणि त्यावरून एक बगळा चक्क चालत निघालेला. जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतली वनस्पती, फुलं देखणी म्हणून शोभेसाठी आणलेली. वर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा येते, शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि तो सगळा हप्ता पुढे उजनीत जातो. १९८० मध्ये पुरं झालेलं धरण, ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. उन्हाळ्यात त्याच्या पाण्याचा रंग बघितलाय ना? मला टाकीतल्या फॉस्फेटच्या नळीची आठवण झाली.

"तुमचं किती, दोनशे लिटर?" मामांनी विचारलं.

"हो."

"हितं कुणी टूथब्रश घेऊन उतरंल का?"

मी गाडी सुरू केली. शोभेच्या वनस्पतीवरून मला मोनाकोची गोष्ट आठवत होती. १९८४ मध्ये तिथल्या नावाजलेल्या मत्स्यालयाच्या खाली, भूमध्य समुद्रात, कॉलेर्पा नावाच्या शेवाळाचा एवढासा पट्टा दिसला. मत्स्यालयाच्या टाक्यांमधूनच निसटलं, असं मानतात. पुढे ते किनाऱ्याकिनाऱ्याने हजारो एकर पसरलं. मामांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग तुमचं बदललेलं पाणी वड्याला सोडू नका." कढीपत्त्याला तर नाहीच.

पावसाळ्यापर्यंत केस विरळ झाले. आपण काही केलं म्हणून नव्हे, हे कबूल करतो. जीवाणू बसले, हप्ता तुटला, गोगलगायींचं मनुष्यबळ शिवाराला पुरं पडलं. आणि एका सकाळी मला डावीकडच्या खडकावर, पंपाच्या समोर, तिळाएवढा जांभळा ठिपका दिसला. भिंग आणलं. घोटाळा नव्हता. कोरलाइन! गुलाबी-जांभळं, दगडावर रंग चढवावा तसं चिकटून वाढणारं, चुना खाऊन कडक होणारं. हेही शेवाळच, पण हे यावं म्हणून रीफवाले देव पाण्यात ठेवतात. कोरड्या खडकावर ते आपोआप येत नाही. बहुतेक एखाद्या गोगलगायीच्या शंखावर बसून आलं, आणि मामांच्या निवळीवर पोसलं. मी रोज ऑफिसला जाताना त्याला बघून जायचो. तिळाचा मसूर झाला, मसुराचा चवलीएवढा डाग. मोबाइलमध्ये त्याचे सदतीस फोटो आहेत. मुलीचे या वर्षीचे बारा.

श्रावणात मामी चार दिवस राहायला आल्या. मामींबद्दल एवढंच सांगतो, की आमच्या लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली होती, आणि जी भांडी मामींच्या हाताखाली राहिली त्यांवर आता कुणी दिली ते वाचता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी घरी आलो तर टाकी झगमगत होती. काच आरसा. खडक दिवाळीतल्यासारखे पांढरेशुभ्र. मासे एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे. टाकीशेजारी ओली नारळाची शेंडी.

"मामी," माझा आवाज निघेना, "राख नाही ना लावली?"

"न्हाई बाई, मासं हायेत न्हवं. नुसत्या शेंडीनं." मामी पदराला हात पुसत होत्या. "हिरवं तर आसं निघालं. त्यो एक जांभळा डाग लई चिवट व्हता बघा. पर काढला."